जंप ब्लूज आणि रेट्रो स्विंग: हे ऐकताना पाय स्वस्थ का बसत नाहीत?

अनवट_सूर | शनि, रात्री ९:१२

सध्या घरात लुई जॉर्डनशिवाय दुसरं काही वाजत नाही, म्हणून हा धागा काढतोय. जॅझवर इथे चांगल्या चर्चा झाल्या आहेत, पण त्या बहुतेक माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेनभोवती फिरतात. नाचायच्या जॅझबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ‘ते काय, करमणुकीचं संगीत’ असा एक सूर असतो. मला हे अजिबात पटत नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत स्विंगचा जोर होता. पंधरा-सोळा वादकांचा ताफा, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनच्या रांगा आणि समोर हजारो नाचणारी माणसं. मग युद्ध आलं. वादक सैन्यात गेले, पेट्रोलला रेशन लागलं आणि एवढा ताफा बसमध्ये घालून गावोगाव हिंडणं परवडेना. १ ऑगस्ट १९४२ला वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. त्यातच १९४४मध्ये नाचगाणं असलेल्या क्लबांवर सरकारने जबर कर बसवला. मोठे बँड या सगळ्यात पिचून गेले. पाच-सात जणांचे छोटे बँड मात्र टिकले आणि मोठ्या बँडची सगळी धमक त्यांनी एवढ्याशा जागेत बसवली. तोच जंप ब्लूज.

त्याचा राजा लुई जॉर्डन. जन्म १९०८चा, अर्कान्सातल्या ब्रिंकली गावातला. आधी चिक वेबच्या बँडमध्ये होता, १९३८मध्ये स्वतःचा बँड काढला. ड्रमर टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) वाजवायचा म्हणून नाव पडलं टिंपनी फाइव्ह, आणि वादक बहुतेक वेळा पाचाहून जास्तच असायचे. तालमी कडक, कपडे इस्त्रीचे, स्टेजवर गबाळेपणा चालायचा नाही. १९५०पर्यंत त्याची १८ गाणी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

‘चू चू च’बूगी’ (१९४६) एकदा नीट कान देऊन ऐका. पियानोचा डावा हात रेल्वेसारखा अखंड चालू आहे, त्यावर सॅक्स आणि ट्रम्पेटचे दोन-चार सुरांचे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि जॉर्डन प्रत्येक शब्द लख्ख ऐकू येईल असा, जवळजवळ बोलतच, गातो. गाण्यातला माणूस एका गावात उतरतो, खिसा रिकामा. सकाळचा पेपर उचलून नोकऱ्यांच्या जाहिराती पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतो, आपल्याजोगं काही सापडत नाही, पेपर परत जागेवर ठेवतो. युद्ध संपून वर्षही झालेलं नाही, लाखो माणसं कामाच्या शोधात आहेत, आणि हा ती गोष्ट तीन मिनिटांत सांगून आपल्याला नाचवतो! दुःख लपवलेलं नाही की त्याचा गळाही काढलेला नाही. मला या संगीताचं सगळ्यात मोठं मोल यात वाटतं.

आता मूळ विषय. हे संगीत पुन्हा पुन्हा परत येतं. १९८१मध्ये ब्रिटनच्या जो जॅक्सनने न्यू वेव्ह रॉकमधलं आपलं यश बाजूला ठेवून जॉर्डन आणि कॅब कॅलोवे यांच्या गाण्यांचा ‘जंपिन जाइव्ह’ हा आल्बम केला. १९८९मध्ये कॅलिफोर्नियात रॉयल क्राउन रेव्ह्यू आणि बिग बॅड वूडू डॅडी हे दोन बँड सुरू झाले. १९९८मध्ये ब्रायन सेट्झरने लुई प्रीमाचं ‘जंप, जाइव्ह अँड वेल’ सतरा जणांच्या ताफ्यात इलेक्ट्रिक गिटार घेऊन वाजवलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. हे नव्वदीतले बँडवाले मूळचे पंक आणि रॉकबिली वाजवणारे. त्यांना आजोबांच्या जमान्यातल्या संगीतात नेमकं काय सापडलं असेल? आणि आपल्याला काय सापडतं? लिहा.

मीनल_के | शनि, रात्री ९:५०

काय सुंदर धागा! ‘द मास्क’ सिनेमातल्या त्या नाचावर मी कॉलेजात जीव टाकला होता, तो बँड रॉयल क्राउन रेव्ह्यू होता हे आज कळलं. एक भाबडा प्रश्न: स्विंग आणि जंप ब्लूज यांत कानाला कळेल असा फरक कोणता?

धा_धिं_धिं_धा | शनि, रात्री १०:३८

मीनल, मी तबला वाजवतो, तर तालाच्या बाजूने सांगायचा प्रयत्न करतो.

दोन्हींची चाल एकच. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला सोडा. आपल्याकडची तिस्र जात. ‘डा-डडा-डडा-डडा’ असं तोंडाने म्हणून बघा, मान आपोआप हलेल. सरळ दोन भागांची लय जमिनीवर चालते, ही प्रत्येक पावलाला किंचित उसळते. ती उसळी म्हणजेच स्विंग.

फरक आवर्तनात आहे. स्विंगची गाणी बहुतेक बत्तीस बारची असतात. त्यांत सुरावट लांबलचक आणि वळणं बरीच. जंप ब्लूजचं मुख्य आवर्तन बारा बारचं. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं चक्र. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. हे चक्र एकदा अंगात भिनलं की पुढचा बदल कुठे येणार हे शरीराला आधीच कळतं आणि तो आला की समेवर आल्याचं सुख मिळतं. ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्यालाही ते मिळतं. पाय स्वस्थ का बसत नाहीत याचं निम्मं उत्तर माझ्या मते इथे आहे.

टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. आपल्याला पहिलीवर द्यायची सवय असते. ते एकदा सुटलं की गाणं वेगळंच ऐकू येतं.

सान_होजेकर | रवि, पहाटे ४:१५

इथे कॅलिफोर्नियात मी बरीच वर्षं लिंडी हॉप (स्विंगवरचा जोडीचा नाच) नाचते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

अनवट_सूर, तुम्ही बँडबद्दल लिहिलंत, पण नाचणारे नसतील तर हे संगीत अर्धंच आहे. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या लेनॉक्स अॅव्हेन्यूवर १९२६ ते १९५८ सॅव्हॉय बॉलरूम होतं. काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचू शकतील अशा त्या काळातल्या मोजक्या जागांपैकी ते एक. तिथे बँड आणि नाचणारे एकमेकांना घडवत होते. ड्रमरने एखादा ठोका मारला की नाचणारा तो पायाने पकडायचा आणि पुढच्या वेळी ड्रमर त्याच्या पायाकडे बघून वाजवायचा.

तिथला सगळ्यात मोठा नर्तक फ्रँकी मॅनिंग. १९३५मध्ये एका स्पर्धेत त्याने जोडीदारणीला पाठीवरून उलटी पलटवून पलीकडे उतरवलं. लिंडी हॉपमधली हवेतली उडी तिथून सुरू झाली. पुढे रॉक अँड रोल आलं, नाच बदलला आणि या माणसाने सुमारे तीस वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातली आणि स्वीडनमधली तरुण मुलं जुन्या फिल्म बघून त्याला शोधत आली. सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा शिकवायला लागला आणि २००९मध्ये जाईपर्यंत जगभर शिकवत फिरला. २६ मे हा त्याचा वाढदिवस आम्ही लिंडीवाले जगभर साजरा करतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: रेट्रो बँड चांगला की वाईट हे फ्लोअरवर ठरतं. नव्वदीतल्या काही बँडचे ड्रमर रॉकमधून आलेले. ते दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रम असा बडवतात की उसळीला जागाच उरत नाही, आणि वेग इतका की नवशिक्याची दमछाक होते. उत्तम बँड बास आणि ऱ्हिदम गिटार पुढे ठेवतो, चारही मात्रा सारख्या चालवतो आणि ड्रम त्याखाली मऊ ठेवतो. अशा बँडसमोर अख्खी संध्याकाळ नाचले तरी दुसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरत नाहीत.

भटका_तारा | रवि, सकाळी ८:०२

वाचतोय. धा_धिं_धिं_धा यांनी फार छान उलगडून सांगितलं. +१

इतिहासवेडा | रवि, सकाळी ११:२०

धागा चांगला चाललाय, पण एक बाजू मांडायची राहून जाते आहे.

१९९७-९८मध्ये ‘झूट सूट रायट’ हे गाणं अमेरिकेत घरोघरी वाजलं. मुलं ढगळ पॅन्टी आणि टोप्या घालून त्यावर नाचली. खरी दंगल जून १९४३मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झाली होती. नौदलाचे आणि सैन्याचे जवान मेक्सिकन वंशाच्या तरुणांना रस्त्यात, थिएटरांत गाठून मारत होते, अंगावरचे सूट ओरबाडत होते. कारण काय, तर युद्धात कापड रेशनवर असताना एवढा ढगळ सूट घालणं म्हणजे देशद्रोह. मार खाल्लेल्यांनाच मोठ्या संख्येने अटक झाली. यावर गाणं जरूर करावं, पण ऐकणाऱ्याला त्यातली मारहाण कळलीच नाही तर त्या गाण्याने काय साधलं?

आणि लुई जॉर्डनचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९५४च्या सुरुवातीला त्याचा आणि डेका कंपनीचा संबंध संपला. त्याचा निर्माता होता मिल्ट गेबलर. त्याच गेबलरने त्याच वर्षी १२ एप्रिलला त्याच कंपनीसाठी बिल हेलीकडून ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित करून घेतलं. जॉर्डनच्या बँडचे रिफ (पुन्हापुन्हा येणारे सुरांचे तुकडे) आपण हेलीच्या वादकांना गाऊन दाखवायचो, असं गेबलरने पुढे स्वतःच सांगितलं. चक बेरीच्या ‘जॉनी बी गुड’ची जगप्रसिद्ध सुरुवात ऐका आणि मग जॉर्डनच्या १९४६च्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ची सुरुवात ऐका. कार्ल होगन नावाच्या गिटारिस्टने ते बारा वर्षं आधी वाजवलंय. बेरीने जॉर्डनचं आणि होगनचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं. उद्योगाने मात्र जॉर्डनला बाजूला सारलं. तो १९७५मध्ये गेला.

रेट्रो म्हणजे नुसती टोपी, सस्पेंडर आणि मार्टिनीचा ग्लास असेल तर मला त्यात रस नाही.

मांडवीकाठचो | रवि, दुपारी ३:३३

गोव्यातून लिहितोय. या संगीताचा आपल्याकडचा धागा इथे जोडायलाच हवा.

१९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवाले येऊन वाजवत. त्यांना ऐकत गोव्याची पोरं तयार झाली. आमच्याकडे चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ (सुरांची नावं घेत गाणं) आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे नोटेशन वाचणं लहानपणीच पक्कं व्हायचं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यातलाच. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मुंबई प्रांतात दारूबंदी आली, क्लबांचा धंदा बसला आणि यातले कितीतरी वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांना पुणतांब्याचा एक गुणी माणूस भेटला, सी. रामचंद्र. ‘अलबेला’ (१९५१) पाहा. चिक चॉकलेट आणि त्याचे वादक त्यात पडद्यावरच दिसतात. ‘शोला जो भडके’मधली ब्रासची झेप ऐका आणि भगवानदादांचे ते सैल, खांदे उडवत टाकलेले पाय बघा. ‘ईना मीना डीका’ (१९५७) तर सरळच त्या घराण्याचं. गणपतीच्या मिरवणुकीत ‘शोला जो भडके’ लागलं की महाराष्ट्रात कोणाला शिकवावं लागत नाही. तेव्हा हे संगीत आपल्याला परकं आहे असं मी तरी म्हणणार नाही.

मीनल_के | रवि, दुपारी ४:१०

मांडवीकाठचो, देव बरें करूं! आजच आईबरोबर ‘अलबेला’ लावणार.

अनवट_सूर | रवि, संध्या. ६:४५

इतिहासवेडा, तुमचं बोलणं महत्त्वाचं आहे. गेबलर आणि हेलीची तारीख अशी शेजारी ठेवून पाहिली की पोटात कालवतं.

पण तुमच्याच मुद्द्यावरून मला रेट्रो बँडची बाजू घ्यावीशी वाटते. जो जॅक्सनच्या आल्बममुळे ब्रिटनमधली एक पिढी जॉर्डनपर्यंत पोचली. १९९०मध्ये क्लार्क पीटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने जॉर्डनच्या गाण्यांवर ‘फाइव्ह गाइज नेम्ड मो’ हे संगीत नाटक लिहिलं. ते पूर्व लंडनमधल्या एका थिएटरात सुरू झालं आणि तिथून वेस्ट एंडला गेलं. विस्मरणात चाललेल्या माणसाची गाणी रोज रात्री भरलेल्या थिएटरात वाजली. हे काम नुसत्या जुन्या रेकॉर्डनी झालं नसतं. समोर माणसं घाम गाळत वाजवताना दिसली की ऐकणारा मागे जाऊन मूळ शोधतो. सगळे शोधत नाहीत, मान्य. पण जे शोधतात ते या बँडच्या दारातूनच आत येतात.

फुंकर | रवि, रात्री १०:२७

मी टेनर सॅक्स वाजवतो. पोटापाण्यासाठी लग्नाचे ऑर्केस्ट्रा, आवडीसाठी हे. त्यामुळे वादकाच्या बाजूने दोन शब्द.

१९४२मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडने ‘फ्लाइंग होम’ रेकॉर्ड केलं. त्यातला टेनरचा सोलो इलिनॉय जॅकेटचा, वय १९. त्याने सोलोच्या एका टप्प्यावर एकच सूर धरला आणि तोच ठासून ठासून वाजवला. शास्त्रशुद्ध जॅझवाल्यांनी नाकं मुरडली, पण लोक खुर्च्या सोडून उठले. तो सोलो इतका गाजला की पुढे प्रत्येक वादकाला तो जसाच्या तसा वाजवावा लागायचा. जंप ब्लूजचा सगळा सॅक्स तिथून निघाला.

एक सूर दहा वेळा वाजवणं सोपं वाटतं ना? करून बघा. प्रत्येक वेळी त्याचं वजन वेगळं लागतं. एकदा किंचित आधी, एकदा मागे खेचून, एकदा गुरगुरत. ती गुरगुर काढायला फुंकताना घशातून वेगळा सूर गुणगुणायचा असतो. दोन सूर नळीत एकमेकांवर घासतात आणि आवाजाला काटे येतात. रात्रीच्या कार्यक्रमानंतर घसा खरवडून निघतो. लोक टोपी आणि सूट बघतात, ठीक आहे, पण आतला शर्ट पिळून काढावा लागतो.

आणखी एक. मोठ्या बँडमधून पाच-सहा वादक उरले तेव्हा अरेंजरनी युक्ती केली. तीन फुंकवाद्यं, पण सूर असे जवळजवळ रचायचे की सहा वाजतायत असं वाटावं. बाकी जागा मोकळी. गायक ओळ गातो, फुंकवाद्यं उत्तर देतात, पुन्हा गायक. आज एखादा बँड ठीक वाजतोय की नुसता गोंगाट करतोय हे मी त्या मोकळ्या जागांवरून ओळखतो.

रेवती_दि | सोम, सकाळी ९:१८

सगळं वाचलं, सगळं आवडलं, पण अख्ख्या धाग्यात एकाही गायिकेचं नाव नाही!

नेली लचर ऐका, ‘हरी ऑन डाउन’ (१९४७). स्वतः पियानो वाजवत गायची, आवाजात खोडकरपणा ठासून भरलेला. रुथ ब्राउन ऐका, ‘टियरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ (१९५०). तिच्या रेकॉर्ड इतक्या खपल्या की अटलांटिक कंपनीला ‘रुथने बांधलेलं घर’ म्हणायचे. पुढे तिची लोकप्रियता ओसरली आणि पोटासाठी तिला घरकामं करावी लागली, बस चालवावी लागली. ती मानधनासाठी कंपनीशी भांडली, एकटीसाठी नाही, सगळ्या जुन्या कलाकारांसाठी. त्यातून १९८८मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. इतिहासवेडा यांच्या मुद्द्याला हे जोडून वाचावं.

नव्यांमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची लव्हे स्मिथ. तिच्या बँडमध्ये तरुणांबरोबर जुन्या काळात वाजवलेले ज्येष्ठ वादकही होते आणि तो फरक पहिल्या बारपासून कळतो.

सान_होजेकर | सोम, सकाळी ११:०५

रेवती_दि, अगदी! तिच्या बँडसमोर नाचायला मिळणं म्हणजे सण.

भटका_तारा | सोम, दुपारी १:४०

एक प्रश्न पडलाय. या बँडनी जुनीच गाणी वाजवावीत की नवी लिहावीत? बिग बॅड वूडू डॅडीने स्वतःची बरीच गाणी केली आणि तो अजून दौरे करतोय, म्हणजे नवं चालतं असं दिसतं.

अनवट_सूर | सोम, संध्या. ७:३०

नवी लिहावीतच. फक्त नव्वदीतल्या बऱ्याच गाण्यांचा विषय ‘आपण किती झोकात आहोत’ एवढाच होता. टोपी, गाडी, मद्य, पोरगी. म्हणूनच ती लाट जाहिरातींत शिरली आणि २०००च्या आसपास ओसरली, असं मला वाटतं. जॉर्डन भाड्यावर, उधारीवर, शेजारणीवर, नोकरीवर गायचा. ऐकणाऱ्याला आपल्या गल्लीतलं माणूस भेटायचं. आजच्या बँडने घरमालकावर, कर्जाच्या हप्त्यांवर, घरपोच जेवण आणणाऱ्या मुलावर बारा बारचं गाणं लिहिलं तर ते मूळ परंपरेला जास्त धरून होईल.

इतिहासवेडा | सोम, रात्री ९:५५

इथे पूर्ण सहमत. जॉर्डनचं १९४९चं ‘सॅटर्डे नाइट फिश फ्राय’ याचा वस्तुपाठ आहे. रेकॉर्डच्या एका बाजूला मावलं नाही म्हणून दोन्ही बाजूंना मिळून पाचेक मिनिटांचं केलं. न्यू ऑर्लिन्समध्ये दोन मित्र एका घरच्या मेजवानीत घुसतात, मासे तळले जातायत, धमाल चालू आहे. तेवढ्यात पोलिसांची धाड पडते, धरपकड होते आणि गाणारा कोठडीत जाऊन पडतो. त्या काळात काळ्या वस्तीत अशी धाड ही नित्याची गोष्ट होती. गाणं गमतीचं आहे, त्यावर नाचता येतं आणि तरीही पोलीस आत शिरतात तेव्हा प्रत्येक ऐकणाऱ्याला माहीत असतं की हे खरं आहे. असं लिहिणारा आणि वाजवणारा नवा बँड कोणाला सापडला तर कृपया इथे नाव टाका. त्यांनी सूट घातला असला काय आणि नसला काय, मी रेकॉर्ड विकत घेईन.